मुद्दा क्रमांक चार

२ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा: दुकानातलं सात फुटी बाक, एकही खिळा न मारता. कॉइल गुंडाळायचं यंत्र, सायकलच्या चेनवर चालणारं, एकोणीस वर्षं बिनतक्रार. गच्चीवरचा पंप, टाकी भरली की आपोआप बंद होणारा. शेजाऱ्यांनी तसाच मागितला, दिला नाही. हिच्या शिवणयंत्रावरचा दिवा. धाकट्या भावाचा पाळणा; तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, पाळणा डावीकडे जरा झुकायचा, पण पोरगं कधी पडलं नाही. जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरून दिल्या त्या अंदाजे नऊ हजार.

आणि आता टाचण.

टाचण हे फोनवरचं ॲप आहे. बोट ठेवलं की कोरं पान उघडतं. लिहा, बंद करा, संपलं. रंग नाहीत, चित्रं नाहीत, "आपले स्वागत आहे" नाही. बोट टेकल्यापासून पहिलं अक्षर उमटेपर्यंत दीड सेकंद. पहिल्यांदा चार लागत होते. ते अडीच सेकंद कमी करायला मला पाच महिने लागले. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला हे कुणी शिकवलं, असं लोक विचारतील. कुणी नाही. तीन वर्षं, रोज पहाटे दोन तास, पुस्तकं आणि शब्दकोश.

ही म्हणाली, "अहो, एवढं ॲप केलंत, मग डायरी वहीत का लिहिता?"

म्हटलं, ॲप नोंदींसाठी. हे वेगळं.

"असं होय," म्हणाली आणि तो तिचा चेहरा करून आत गेली.

गुरुवारी अकरा जणांच्या फोनवर स्वतःच्या हाताने टाचण घालून देणार. दोन महिने वापरायला लावायचं, सूचना घ्यायच्या, मग जगासाठी खुलं करायचं. धाकट्याला सांगून ठेवलं आहे की तोवर दुकानाकडे माझं थोडं दुर्लक्ष होईल. तो म्हणाला, "होऊ दे की दादा, मी आहे ना." तेवीस वर्षं हेच वाक्य ऐकतोय. बरं वाटतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सगळे आले. समोरच्या गाळ्यातला शिंपी, औषधाच्या दुकानातली बाई, गिरणीवाला, ताई आणि तिच्या शाळेतल्या दोघी, दातांचा डॉक्टर, टेम्पोवाला, सुतार, ही आणि धाकटा. बाक रिकामं करून दोनदा पुसलं होतं.

प्रत्येकाला छापील कागद दिला, सहा मुद्दे. मोठ्याने वाचून दाखवले. मुद्दा क्रमांक चार मी अकरा वेळा लिहून काढला होता, तो असा: "ओळीच्या सुरुवातीला चांदणी दिल्यास ती ओळ सूचना म्हणून माझ्याकडे येईल. चांदणी नसलेलं काहीही मी वाचू शकत नाही व वाचणार नाही." कोणी दिवसाला किती नोंदी केल्या हा आकडा तेवढा मला दिसतो. मजकूर नाही.

शिंप्याने हात वर केला, शाळेत करतात तसा. "म्हणजे सासरेबुवांबद्दल लिहिलेलं तुम्हाला दिसणार नाही?"

"चांदणी देऊ नका, झालं."

"आमचे सासरे चांदणीच्या लायकीचे नाहीतच."

सगळे हसले. औषधवाली हसली नाही. ती म्हणाली, "वाचणार नाही हे समजलं. वाचू शकत नाही, हे कशावरून?"

म्हटलं, "मी केलंय म्हणून."

तिचं समाधान झालं असावं, कारण तिने कागद पर्समध्ये ठेवून दिला.

चांदणीच का, तर ती आमच्या दुकानाचीच आहे. आलेल्या प्रत्येक मोटरीला आम्ही पत्र्याची चिठ्ठी बांधतो आणि जिच्याकडे आधी बघायचं तिच्यावर खडूने चांदणी मारतो. ही पद्धत मी घातली. धाकटा सतरा वर्षांचा होऊन दुकानात आला, त्याला पहिल्या दिवशी शिकवली ती हीच.

मुद्दा चार चालू असताना एक जण जळालेला पंप घेऊन आला, म्हणून धाकटा बाहेर गेला. परतला तेव्हा मी सहाव्यावर होतो. त्याने कागद घेतला, घडी केली आणि वार्निशच्या डब्याखाली ठेवला, बाकाला डाग पडू नये म्हणून. बाकाची काळजी घेतो, हे चांगलंच आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्या सूचना. शिंपी: "★ अक्षर मोठं करा, टाक्यासारखं दिसतं." औषधवाली: "★ बंद करताना टिक् असा आवाज कशाला? गिऱ्हाईक दचकतं." ताई: "★ छान आहे. पण तू जेवायला वेळेवर जात जा."

ताईला सूचना म्हणजे काय ते पुन्हा समजवायला हवं. आवाज काढला. अक्षराचं बघू, एकट्या शिंप्यासाठी सगळ्यांचं बदलता येत नाही.

आकडे उत्तम आहेत. हिच्या रोज दोन, न चुकता. धाकट्याच्या सर्वांत जास्त, कधी दहा, कधी बारा. तो एवढं लिहीत असेल असं वाटलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी उघडून बघतो तर धाकट्याच्या सूचना आल्यात, एकदम चार.

"★ सिलिंडर." "★ पोरीची शाळेची मीटिंग, बुधवार." "★ टेम्पोवाल्याला सांगणे, दोरी आणायची." "★ झोपेसाठी नवी उशी."

एकटाच खो खो हसलो. गड्याने कागद वाचलेलाच नाही. तेवीस वर्षं महत्त्वाच्या गोष्टीला चांदणी मारायची सवय, इथेही मारतोय. सांगायला हवं. आज दुपारी सांगणार होतो, पण त्याच्यासमोर दोन गिऱ्हाइकं होती. चारचौघांत त्याची फजिती कशाला? उद्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

"★ उद्या सकाळी सहाला दुकान. दादा यायच्या आधी."

दुकान नऊला उघडतं. सहाला काय काम?

विचारलं नाही. विचारायचं म्हणजे कसं कळलं ते सांगायला हवं, आणि तसं पाहिलं तर चांदणीची ओळ बरोबर पोचते की नाही हे तपासणं माझं कामच आहे. थोडे दिवस बघू.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आजची ओळ जशीच्या तशी उतरवतो.

"★ गिरणीची मोटर. दादाने एक्केचाळीस फेरे दिलेत, वहीत एकोणपन्नास. उपसून परत भरणे. त्याला कळता कामा नये."

मोटरीच्या कॉइलला तारेचे किती फेरे द्यायचे, ते आकडे मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहेत. नऊ हजार मोटरींचे, तीस वर्षांचे. फेरे कमी पडले तर मोटर तापते आणि जळते, हे मी त्याला शिकवलंय, त्याने मला नव्हे. आणि मी मोजताना चुकत नाही. मी तोंडाने मोजतो, मध्ये कुणी हाक मारली तरी ओ देत नाही.

लगेच वही काढली. खिडकीपाशी नेऊन पाहिली. ४१. स्वच्छ ४१. माझं स्वतःचं अक्षर.

म्हणजे तो माझं काम माझ्या माघारी फोडतो, तेही चुकीच्या आकड्यावर.

एवढ्यावर थांबलो नाही. फळीवर तयार मोटरी होत्या, एकेक उघडली. कॉइल बांधून झाल्यावर शेवटी दोऱ्याची गाठ मारतात. माझी गाठ उजवीकडे वळते. धाकटा डावखुरा, त्याची डावीकडे. सगळ्या मोटरी मी भरलेल्या. त्यातल्या सातांच्या गाठी डावीकडे वळलेल्या होत्या. बोटाने चाचपून पाहिल्या, पुन्हा पुन्हा. सात.

दुपारी तो शेजारी बसून डबा खात होता. "दादा, लोणच्याची फोड घे ना." घेतली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर फोड पण वाढायची.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

शिंप्याच्या आग्रहाखातर अक्षर मोठं केलं. मग अजून एक पायरी मोठं केलं. ताईच्या शाळेतल्या दोघींनी कळवलं, "★ आता ओळीत दोनच शब्द मावतात, फार मोठं झालं." मला तरी योग्य वाटतं. दोघी तरुण आहेत, त्यांना काय कळणार.

धाकट्याची आजची: "★ वहिनीशी बोलणे. दादाचे डोळे."

चहा घेताना हिला सहज विचारलं, "धाकटा काही बोलला का तुझ्याशी?"

"कशाबद्दल?"

"असंच."

"माझ्याशी काय बोलायचंय भावजींना? दळणाचं बोलले. साखर अजून घालू?"

एकतीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी किती वेळा खोटं बोलली असेल, हे मी आज पहिल्यांदा मोजायला बसलो. मोजायला काही हाताशी नाही, हेच वाईट.

३ मार्च, मंगळवार

"★ शुक्रवार साडेदहा, पंप कंपनी. शर्ट इस्त्री. दादाला आत्ता नको."

पंप कंपनी म्हणजे नव्या रस्त्यावरची, निळ्या पाट्यांची. जळालेली मोटर भरत नाहीत, फेकतात आणि नवी विकतात. त्यांच्यामुळे आमची निम्मी कामं गेली. तिथे हा इस्त्रीचा शर्ट घालून जाणार.

६ मार्च, शुक्रवार

सव्वानऊला आला. पांढरा शर्ट, भांग पाडलेला.

"दादा, जरा दहाला जाऊन येतो. दात दुखतोय."

"कुठला?"

"हा... डावा. मागचा."

"कधीपासून?"

"चार दिवस झाले."

"काल डाव्यानेच सुपारी फोडलीस."

"म्हणून तर दुखतोय," म्हणाला आणि हसला. मीही हसलो. आम्ही दोघंही इतकं चांगलं खोटं बोलतो, हे आईला माहीत नव्हतं, बरं झालं.

दीडला परत आला. दुपारी दातांच्या डॉक्टरला ॲपबद्दल विचारायला म्हणून फोन केला आणि जाता जाता विचारलं. "तुमचा भाऊ? आला नाही बुवा. यायचाय का?" म्हटलं, नाही, बरा झाला.

या तीन आठवड्यांत त्याला चांदणीचं सांगायची संधी आली नाही असं म्हणता येणार नाही. रोज येत होती. लिहून ठेवतो.

११ मार्च, बुधवार

सकाळची ओळ: "★ एक तारखेपासून सुपरवायझर म्हणून रुजू. दादाला कसं सांगू."

नऊ वाजता दुकानात गेलो. तो जळकी तार उपसत बसला होता. म्हटलं, "अभिनंदन. सुपरवायझर का?"

पक्कड हवेतच राहिली. "तुला कोणी सांगितलं?"

"तूच."

"मी?"

"चांदणी मारून. मुद्दा क्रमांक चार. कागद वार्निशच्या डब्याखाली आहे."

त्याने डबा उचलला. कागद चिकटून बसला होता, सोलून काढावा लागला. वाचला. वाचताना त्याचे ओठ हलतात, लहानपणापासून. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सगळ्या वाचल्यास?"

"चांदणीच्या."

"दादा, महत्त्वाचं सगळं मी चांदणी मारूनच लिहितो. तुझ्याकडे शिकलोय."

"मग कागद वाचायचा होता."

"पहिल्या दिवशी सांगायचं होतंस! 'अरे गाढवा, मला दिसतंय सगळं', एवढंच. लहानपणी शर्टाचं बटण उलटं लागलं तर भर रस्त्यात ओरडायचास." आवाज चढला, मग एकदम खाली आला. "उशीचं पण वाचलंस?"

मी मेगर शोधायला लागलो, म्हणजे तारेची गळती तपासायचं यंत्र. ते समोरच होतं.

मग माझी पाळी. सात मोटरी, डावीकडच्या गाठी, सगळं बोललो. माझ्या हातचं काम माझ्या माघारी फोडतोस. माझी वही खोटी ठरवतोस.

"वही खरी आहे, दादा. वहीत एकोणपन्नास आहे."

"एक्केचाळीस आहे!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. भांडणाऱ्या माणसासारखं नव्हे, गिऱ्हाइकाची मोटर वाचणार नाही हे कळल्यावर बघतो तसं. म्हणाला, "तू भरलेली पहिली मोटर जळून परत आली ना, त्या दिवशी तुझं ॲप पहिल्यांदा चाललं होतं. तू लहान पोरासारखा फोन नाचवत होतास. म्हटलं, दोन दिवस जाऊ देत. मग दुसरी आली. मग तिसरी. आता रोज सकाळी सहाला स्वतःचंच दुकान चोरासारखं उघडतो. मला चोरी जमत नाही, दादा. झोप लागत नाही. त्यापेक्षा गेलेलं बरं."

"कंपनीत तर मोटरी फेकतात."

"हो," म्हणाला. "फेकलेल्या मोटरीसाठी खोटं बोलावं लागत नाही."

दारात शिंपी उभा होता, शिवणयंत्राची मोटर घेऊन. केव्हापासून उभा होता कोण जाणे. "मी नंतर येतो," म्हणाला. शिंप्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

१४ मार्च, शनिवार

परवा सकाळी टाचण वापरणारे अकरा होते. काल सात. आज चार.

औषधवालीने जाताना लिहिलं: "★ ही ओळ वाचाच. काढून टाकतेय." गिरणीवाला म्हणाला, घाईत आहे, फोनच बदललाय. सुतार म्हणाला, बायको नको म्हणते. ताई स्वतः आली. चप्पल न काढता दारातच उभी राहिली. "धाकट्याचं महिनाभर वाचत बसलास?"

"मुद्दा चारमध्ये स्पष्ट..."

"मुद्दा घाल चुलीत. मी शाळेत पोरांच्या वह्या तपासते. तिथे पोरांना माहीत असतं की बाई वाचणार आहेत."

माझ्याच बहिणीने माझी बाजू ऐकून घेतली नाही. फसवलं गेलेला मी. नोकरी लपवली त्याने, दात लपवला त्याने, सात मोटरी लपवल्या त्याने. आणि गुन्हेगार कोण, तर छापील कागद देणारा.

संध्याकाळी हिला म्हटलं, "निदान तू तरी आहेस. रोज दोन नोंदी, एक दिवस चुकली नाहीस."

ही भाजी निवडत होती. "अहो, एक सांगू का? रागावू नका."

"सांग."

"मी रोज एक टिंब द्यायची. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"टिंब?"

"मला कुठे काय लिहून ठेवायचं असतं? पण तुम्ही सकाळी उठून आकडे बघता. माझा शून्य दिसला असता तर दिवसभर गप्प बसला असता."

अडतीस दिवस, शहात्तर टिंबं. मी ते आकडे सरासरीत धरले होते.

मग तिने पर्समधून कार्ड काढून पुढे ठेवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं. भावजींनी वेळ घेऊन ठेवली होती म्हणे, दोनदा. दोन्ही वेळा तिला मला सांगायचा धीर झाला नाही. कार्ड मी तिथेच ठेवलं आणि उठलो.

३१ मार्च, मंगळवार

त्याचा शेवटचा दिवस. किल्ली बाकावर ठेवली. त्याची पक्कड, हातोडी, बारीक कात्री सगळं पुसून त्याच्या जागी ठेवलं.

"घेऊन जा," म्हटलं. "तुझीच आहेत."

"तिथे कंपनीची मिळतात." मग दारापर्यंत जाऊन वळला. "दादा, फळीवर तीन मोटरी आहेत. मी बघितल्यात."

म्हणजे पुन्हा. शेवटच्या दिवशीसुद्धा. मी मान वर केली नाही. तो गेल्यावर गाठी चाचपल्या. दोन उजवीकडे, एक डावीकडे.

३ एप्रिल, शुक्रवार

टाचण वापरणारे: एक. शिंपी आणि डॉक्टरही गेले. ही म्हणाली, टिंबं देत राहू का, म्हटलं नको.

उरलेला एक म्हणजे धाकटा. रोज आठ-दहा नोंदी. काढून टाकायला विसरला असणार.

चांदणी एकही नाही. सवय मोडली म्हणायची, तीही दोन-तीन आठवड्यांत. काय लिहितो ते आता कळत नाही. खरं तर कळू शकतं. माळ्यावरच्या जुन्या संगणकात सगळं साठतं, मला ती फाइल उघडता येते. "वाचू शकत नाही" असं मी छापलं होतं, ते बरोबर नव्हतं. "वाचणार नाही" एवढंच माझ्या हातात होतं. औषधवालीने नेमकं तेच विचारलं होतं.

माळ्यावर चढलो. संगणकावरची धूळ पुसली. उतरलो.

९ एप्रिल, गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. हिच्या समाधानासाठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतके दिवस काम कसं करत होतात?" म्हटलं, नेहमीसारखं. त्या म्हणाल्या, ऑपरेशन लवकर करा, दोन्ही. ही शेजारी बसून रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती.

त्यांच्याकडे मोठं भिंग होतं, विकतही देत होते. घेतलं. दुकानात येऊन वही काढली.

४९.

भिंग दूर केलं: ४१. जवळ आणलं: ४९. पुढची पानंही पाहिली. जिथे जिथे नऊ आहे तिथे तिथे मी एक वाचत होतो. सातांपैकी सहा मोटरी अशाच होत्या. सातवी कशामुळे चुकली ते सापडलं नाही.

याने काही बदलत नाही. चूक झाली तर माणसाने समोर येऊन सांगावं. तेवीस वर्षं शेजारी बसून जेवलेल्या माणसाने तरी. चूक माझी होती आणि लपवणं त्याचं होतं, आणि मला दुखतंय ते लपवण्याचं. चुकीचं मी निस्तरीन.

आज दिवसभरात एक मोटर भरली. पूर्वी चार व्हायच्या. "दोऱ्याचं टोक धर रे" असं दोनदा मोठ्याने म्हणालो. दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक उभं होतं. त्याने धरलं.

१६ एप्रिल, गुरुवार

पंप कंपनीचा मॅनेजर दुकानात आला. चाळिशीचा, बोलायला गोड, बाकावर बसण्याआधी रुमाल अंथरला. आमच्या बाकावर! मला वाटलं धाकट्याचं काही झालं. तसं काही नव्हतं.

म्हणाला, "आमच्या नव्या सुपरवायझरच्या फोनवर तुमचं ते छोटंसं ॲप पाहिलं. साईटवर उभ्या उभ्या सगळं त्यात लिहितो. विचारलं तर म्हणाला, माझ्या भावाने केलंय, यापेक्षा जलद कुठलं उघडत नाही, दीड सेकंद. घड्याळ लावून दाखवलं हो त्याने, सगळ्या स्टाफसमोर!"

ही चहा घेऊन आली होती. कप ठेवला आणि गेली नाही, उभीच राहिली.

त्याला टाचण विकत हवं. पूर्ण हक्कांसह. कंपनीच्या चाळीस मेकॅनिकांच्या फोनवर घालायचं. मी म्हटलं, काही बदल? म्हणाला, फारसा नाही, उलट सोपंच आहे. "तुमच्यात ती चांदणीची सोय आहे ना? ती सगळ्याच ओळींना लागू करायची. कोणी काहीही लिहिलं की ते आमच्या ऑफिसात दिसलं पाहिजे. कोण काम टाळतो, कोण बाहेर नोकरी शोधतो, सगळं कळतं."

"मेकॅनिकांना तसं सांगणार?"

"सांगितलं तर लिहितील का?" हसला. "कागदावर कुठेतरी छापू, बारीक अक्षरात. वाचतो कोण?"

थोडा वेळ मी पक्कड पुसत होतो. धाकट्याची.

"आणि सुपरवायझरच्या नोंदी?"

"त्याच्या तर आधी," मॅनेजर म्हणाला. "तो सगळ्यांत जास्त लिहितो."

मी नाही म्हटलं. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. त्याने खिशातून पेन काढून कागदावर आकडा लिहिला आणि माझ्याकडे सरकवला. मी भिंग घेतलं आणि नीट वाचला. मग पुन्हा नाही म्हटलं. तो म्हणाला, दोन दिवस विचार करा. म्हटलं, दोन दिवसांनीही मी हाच असेन. कारण विचारलं. म्हटलं, बाकावर रुमाल अंथरणाऱ्यांना मी माल देत नाही.

तो गेल्यावर ही म्हणाली, "खरं कारण सांगितलं असतंत तर काय झालं असतं?"

"तेच खरं आहे."

"भावजींना कळवू का?"

"काही गरज नाही," म्हटलं. "आणि तू परस्पर सांगू नकोस. एकदा तरी."

ती हो म्हणाली. सांगणार आहे, हे मला माहीत आहे.

धाकट्याशी मी बोलणार नाही. तो माझ्याशी खोटं बोलला, माझ्या बायकोला सामील करून घेतलं आणि मला माझ्याच दुकानात आंधळं ठेवलं. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. दुपारी माळ्यावर चढून त्या संगणकातल्या त्याच्या सगळ्या नोंदींना कुलूप घातलं. चावी म्हणून पंचवीस अक्षरी शब्द दिला, डोळे मिटून कळा दाबत. तो मलाही माहीत नाही. त्याच्या फोनवर सगळं पूर्वीसारखं दिसेल, इथून कुणालाच नाही. हे करायला पावणेदोन तास लागले, भिंगामुळे.

बाकी नोंद राहावी म्हणून लिहितो. पंप कंपनीचा देकार, टाचण पूर्ण हक्कांसह, चाळीस मेकॅनिक आणि एक सुपरवायझर यांचं सर्व लिखाण ऑफिसात, त्यांना न कळवता. नाकारला. रक्कम सहा लाख चाळीस हजार, एकरकमी.